१८४५ सालचा इंग्रजी बॉल गाऊन कसा शिवावा

नाटकासाठी किंवा वेशभूषा स्पर्धेसाठी ‘व्हिक्टोरियन बाई’ सजवायची म्हटलं की बहुतेक जण आधी हूपस्कर्ट भाड्याने आणतात आणि काळ तिथेच चुकतो. व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली, आणि पोलादी कड्यांच्या सांगाड्याचं पेटंट निघालं १८५६ साली. मधली जवळपास वीस वर्षं इंग्लंडमधल्या बायका परकरांवर परकर चढवूनच घेर फुलवत होत्या. म्हणून हा बॉल गाऊन, म्हणजे नाचाच्या समारंभाचा पोशाख, आतून बाहेर शिवत यायचा.

कापड घेण्याआधी चित्रकार विंटरहाल्टरने १८४२ साली रंगवलेलं राणीचं चित्र नीट बघा. खांदे उघडे आणि उतरते, कंबर पुढे टोकदार, खाली घंटेसारखा घागरा. १८३०च्या दशकातल्या फुगीर बाह्या इथे नाहीत. त्या १८३६च्या सुमारास एकदम गळाल्या.

आतले कपडे

सर्वांत आत रुंद गळ्याची पातळ सुती शमीज. तिच्यावर कॉर्सेट, म्हणजे दोरीने आवळायची ताठ आतली चोळी. त्या काळी त्यात देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या घालत आणि पुढे मधोमध एक सपाट, ताठ पट्टी असे. आपल्याला हार्डवेअरच्या दुकानातले जाड केबल टाय पुरतात. टोकं मात्र कापून घासून घ्या, नाहीतर टोचतात. कॉर्सेट बेतानेच आवळा. या गाऊनमध्ये कंबर बारीक दिसते ती वरच्या रुंद लेसमुळे आणि खालच्या घेरामुळे.

आता परकर, आणि इथे कंजूषी करू नका. सर्वांत आतला परकर मांजरपाटाचा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात आडव्या ओळींनी सुती दोरी भरून शिवा आणि घट्ट खळ द्या. (तेव्हा यासाठी घोड्याचे केस घालून विणलेलं कापडही वापरत.) त्यावर खळ दिलेले दोन-तीन साधे परकर, आणि सर्वांत वर एक मऊ, म्हणजे आतल्या दोऱ्यांच्या रेघा बाहेर उमटणार नाहीत. लेहंग्याखालचा कॅनकॅन सोपा वाटतो, पण तो घेर खालीच फेकतो. आपल्याला फुगारा कमरेपासून हवा.

कापड

लग्न झालेल्या बाईसाठी रेशमी तफेटा, सॅटिन किंवा मखमल; तरुण मुलीसाठी पांढरी किंवा फिकी मलमल, पातळ गॉझ. मुंबईकरांना मंगलदास मार्केटमध्ये तफेटा मिळून जाईल. भडक जांभळा टाळा. तो देणारा रसायनशास्त्रज्ञ पर्किनचा कृत्रिम रंग १८५६ नंतरचा. टिकल्यांचं भरतकाम तर दुकानातच राहू द्या.

वरची चोळी

आधी मांजरपाटाची कच्ची चोळी शिवून अंगावर बसवा. गळा जवळजवळ आडवा, खांद्याच्या कडेवरून जाणारा. बाही आखूड, घट्ट आणि खांद्याच्या बरीच खाली जोडलेली. त्यामुळे हात डोक्यापर्यंत जात नाहीत. तो दोष समजून सैल करू नका, त्या काळच्या बायकांचेही जात नव्हते. याच बाह्यांत त्या १८४४ साली लंडनमध्ये आलेला पोल्का नाचल्या!

पुढचं टोक कमरेखाली आठ-दहा सेंटिमीटर उतरवा आणि अस्तरात पट्टी घालून ते ताठ करा. मागे हुक किंवा दोरी, झिप नको. बाहीच्या आणि कमरेच्या शिवणीत बारीक दोरीचं पायपिंग हवंच. या काळची ती सहीच म्हणा.

घागरा

खरी मेहनत इथे आहे. घेर साडेतीन ते चार मीटर ठेवा आणि कापड सरळ पट्ट्यांचं, कळ्या न काढता. वरची कड आत दुमडून घ्या; कापड पातळ असेल तर दुमडीत सुती फ्लॅनेलची पट्टी घाला. मग धावदोऱ्याच्या दोन किंवा तीन समांतर ओळी घाला, प्रत्येक टाका वरच्या टाक्याच्या बरोबर खाली. पेन्सिलने ठिपके काढून घेतले तर चुकायला जागा उरत नाही. सगळे दोरे एकदम ओढले की एकसारख्या, उभ्या, नळीदार चुण्या पडतात. प्रत्येक चुणीचा उंचवटा सुईने एकेक करून चोळीच्या कडेला जोडा. चुण्या कमरेपासून उसळून बाहेर पडतात आणि घंटेचा आकार येतो. मशीनच्या साध्या गॅदरने हे होत नाही. आतल्या लांब शिवणी मशीनवर खुशाल मारा. दिसेल ते हाताने.

खालची कड जमिनीला जेमतेम टेकेल अशी. नाच असेल तर दोन-तीन सेंटिमीटर वर.

लेस आणि बाकीचं

गळ्याभोवती बारा-पंधरा सेंटिमीटर रुंदीची लेस सोडायची, तिला बर्था म्हणत. ती बाहीचा बराचसा भाग झाकते. व्हिक्टोरियाने १८४०च्या लग्नात इंग्लंडमधल्याच हॉनिटन गावची हातविणीची लेस वापरली. तुम्ही यंत्राची जाळी घ्या, ती तेव्हाही मिळत असे. मध्यभागी एक ब्रोच, घागऱ्यावर फार तर दोन झालरी. याहून जास्त सजावट केली की गाऊन पुढच्या दशकात जातो.

केसांचा मधोमध भांग, दोन्ही बाजू चापून बसवलेल्या. कानांवरून वेण्यांचे फास किंवा लांब कुरळ्या बटा, मागे अंबाडा आणि ताजी फुलं. हातमोजे पांढरे, आखूड, मनगटापाशी संपणारे. कोपरापर्यंतचे पुढच्या काळातले. जेवताना ते काढायचे. पायात सपाट सॅटिनच्या चौकोनी टोकाच्या स्लिपर्स, हातात पंखा. गारठा असेल तर काश्मिरी शाल. ती तेव्हा लंडनमध्ये श्रीमंतीची खूण होती.

घालताना मोजे आणि स्लिपर्स कॉर्सेटच्या आधी घाला, नंतर वाकता येत नाही. केसही आधीच उरकून घ्या, कारण मग हात वर जाणार नाहीत. मागचे हुक लावायला मात्र कुणीतरी हवंच.