डीव्हीडी ड्राइव्हचा ट्रे उघडत नसेल तर: बेल्ट, चुंबक आणि सरकपट्टी

बटण दाबले की आतून दोन सेकंद ‘घूंऽऽ’ आवाज येतो, ट्रे केसभर हलल्यासारखा वाटतो आणि मग सगळे शांत. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला मात्र तोच ट्रे काही झालेच नाही अशा थाटात बाहेर येतो. लग्नाची किंवा मुंजीची जुनी डीव्हीडी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला बसावे आणि नेमके हे घडावे, हा अनुभव अनेकांचा. ड्राइव्ह लगेच भंगारात टाकू नका. बहुतेक वेळा दोष एका छोट्या रबरी बेल्टचा असतो आणि स्क्रू ड्रायव्हर धरता येणाऱ्या कोणालाही तो तासाभरात बदलता येतो.

इथली कृती डेस्कटॉपच्या ५.२५ इंची खणात बसणाऱ्या, १४६ मिमी रुंद आणि साधारण ४१ मिमी उंच ड्राइव्हची आहे. टीव्हीला जोडायच्या डीव्हीडी प्लेअरमधली यंत्रणाही जवळपास अशीच असते. लॅपटॉपच्या चपट्या ड्राइव्हचे प्रकरण वेगळे, त्याबद्दल शेवटी.

आत काय घडते

ट्रे आत-बाहेर करणे आणि डिस्क पकडणे किंवा सोडणे ही दोन्ही कामे एकच छोटी मोटर करते, तीही एकापाठोपाठ एक. हा क्रम डोक्यात बसला की अर्धी दुरुस्ती झाली.

मोटरच्या टोकाला बोटाच्या पेरापेक्षाही लहान पुली असते. तिच्यावरून बेल्ट मोठ्या पुलीकडे जातो, तिथून दोन-तीन प्लास्टिकचे गियर फिरतात आणि शेवटचा गियर ट्रेच्या खाली ओतलेल्या दातेरी पट्टीला ढकलतो. ट्रे पूर्ण आत आला की त्याच्या खालची नागमोडी खाच एका आडव्या सरकपट्टीची खुंटी बाजूला लोटते. आता तोच गियर ट्रेला सोडून सरकपट्टीचे दाते पकडतो आणि पट्टी डावी-उजवीकडे सरकू लागते. पट्टीला तिरपी खाच असते. डिस्क फिरवणारी मोटर आणि लेझरचे डोळे ज्या चौकटीवर बसवलेले असतात, त्या चौकटीचे पुढचे टोक या खाचेवरून वर चढते. मागचे टोक बिजागरीसारखे जागच्या जागी असते.

चौकट वर आली की फिरकीचा, म्हणजे डिस्क फिरवणाऱ्या मोटरवरच्या तबकडीचा, मधला गोल डिस्कच्या १५ मिमीच्या भोकात शिरतो आणि डिस्कला ट्रेवरून थोडी उचलतो. वरच्या बाजूला आडव्या पट्टीत किंवा झाकणात एक सैल चकती अडकवलेली असते. चकती आणि फिरकी यांच्यापैकी एकीत चुंबक, दुसरीत लोखंड. दोघी एकमेकींना चिकटतात आणि १.२ मिमी जाडीची डिस्क त्यांच्यामध्ये घट्ट बसते. पकड चांगली लागतेच, कारण १६ पट वेगाला डीव्हीडी मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेते.

उघडताना हाच क्रम उलटा चालतो. मोटरला सर्वांत आधी ते चुंबक सोडवावे लागते आणि अख्ख्या प्रवासात सर्वाधिक जोर इथेच लागतो. सैल झालेला बेल्ट नेमका इथेच घसरतो; ‘घूंऽऽ’ हा त्याच घसरण्याचा आवाज. ट्रे रिकामा असेल तर अडचण वाढते, कारण मध्ये डिस्क नसली की चुंबक आणि लोखंड यांच्यातली फट कमी होते आणि ओढ वाढते. म्हणून महिनोन्महिने रिकामा पडून राहिलेला ड्राइव्ह जास्त अडतो. शिवाय इतके दिवस दोन पुलींवर ताणून बसलेला बेल्ट लांबट आकारातच कडक होतो, ते वेगळेच.

बेल्टऐवजी थेट गियर का लावत नाहीत? बेल्ट आवाज कमी करतो आणि क्लचचेही काम करतो. ट्रेमध्ये बोट अडकले किंवा डिस्क वाकडी बसली तर बेल्ट घसरतो आणि गियरचे दाते वाचतात.

उघडण्याआधी कान द्या

काहीच आवाज येत नसेल तर आधी संगणक बंद करून चालू करा आणि विंडोज सुरू होण्याआधीच बटण दाबा. कधी कधी एखादा प्रोग्राम डिस्क वापरत असतो आणि तो ट्रेला कुलूप घालून ठेवतो. यंत्रात दोष नसतोच. तरीही शांतता असेल तर विजेची जोडणी, बटण किंवा मोटर पाहावी लागेल. मोटर फिरते पण ट्रे हलत नाही, म्हणजे बेल्ट. ‘कट-कट-कट’ असा ठोकल्यासारखा आवाज म्हणजे गियरचा दाता तुटला आहे किंवा गियरला तडा गेला आहे. ट्रे बाहेर येऊन लगेच आत जात असेल तर ट्रेची जागा ओळखणाऱ्या स्विचवर धूळ किंवा गंज असतो.

ड्राइव्ह हातात घेऊन हलवल्यावर आत बारीक छर्रे खुळखुळल्यासारखे वाटले तर घाबरू नका. डिस्कचा तोल सावरण्यासाठी अनेक ड्राइव्हच्या फिरकीत स्टीलच्या बारीक गोळ्या मुद्दाम टाकलेल्या असतात. मात्र प्लास्टिक खडखडल्याचा आवाज येत असेल तर आत फुटलेल्या डिस्कचे तुकडे असू शकतात. ते काढल्याशिवाय वीज देऊ नका.

लागणारे सामान

मध्यम आकाराचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, सरळ केलेली कागदाची यू-पिन, बारीक चिमटा, कानातले बड्स, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्लास्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस आणि नवा बेल्ट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘डीव्हीडीचा बेल्ट’ म्हणून विचारा. ऑनलाइन वेगवेगळ्या मापांचे पाकीट घेतलेले सोपे पडते.

शिलाई मशिनचे तेल घालण्याचा मोह आवरा. ते पसरत पसरत पुलीपर्यंत पोहोचते आणि बेल्ट आणखी घसरतो. खोबरेल तेल तर नकोच. ते साधारण २४ अंशांखाली थिजते, म्हणजे डिसेंबरात ट्रे पुन्हा अडकणार. पेट्रोल आणि थिनरने प्लास्टिकला बारीक तडे जातात.

कृती

१. संगणक बंद करा, प्लग काढा. ट्रेच्या दर्शनी पट्टीखाली किंवा शेजारी टाचणीच्या डोक्याएवढे भोक दिसेल. यू-पिन त्यात सरळ, आडवी घाला. तीन-चार सेंटिमीटर आत गेल्यावर स्प्रिंगसारखा विरोध जाणवेल. तिथे ठामपणे दाबा. आतली पिन थेट सरकपट्टीला ढकलते, चौकट खाली बसते आणि ट्रे काही मिलिमीटर पुढे येतो. पुढचे बोटाने ओढा. वीज चालू असताना हे करू नका. डिस्क फिरत असली तर ओरखडे पडतात.

२. ट्रेची दर्शनी पट्टी तळाच्या बाजूने अंगठ्याने वर सरकवून काढा. मग पुढचा प्लास्टिकचा चेहरा. त्याला बहुधा तीन कड्या असतात, दोन्ही बाजूंना एकेक आणि खाली एक. आधी खालची सोडवा. ट्रेची पट्टी न काढता चेहरा ओढला तर कडी हमखास मोडते.

३. काही ड्राइव्हमध्ये एवढ्यावरच भागते. ट्रे पूर्ण बाहेर ओढल्यावर समोरच्या पोकळीत दोन्ही पुली आणि बेल्ट दिसतात, आणि चिमट्याने बेल्ट तिथल्या तिथे बदलता येतो. दिसत नसतील तर ड्राइव्ह उलटा करून तळाचे चार स्क्रू काढा आणि पत्रा उचला. समोर हिरवे सर्किट आणि पट्टीसारख्या चपट्या केबली येतील. वरचा पत्रा काढताना त्याला चुंबकाची चकती अडकवलेली आहे का ते पाहा. असेल तर जशी आहे तशीच राहू द्या.

४. केबल काढावीच लागली तर आधी मोबाइलवर फोटो घ्या. सॉकेटची खिट्टी नखाने सोडवा आणि मग केबल सरळ ओढा. काही सॉकेटना खिट्टी नसते, तिथे केबल थेट निघते. लेझरचे भिंग आणि त्याच्या आसपासचा भाग यांना हात लावू नका. लेझर डायोड अंगावरच्या स्थिर विजेनेही जळतो, म्हणून आधी मातीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला, उदाहरणार्थ लोखंडी नळाला, हात लावून घ्या.

५. आता बेल्ट काढायच्या आधी मोठी पुली बोटाने सावकाश फिरवा. ही दोन मिनिटे वाया जात नाहीत. ट्रे आत येतो, थांबतो, खुंटी तिरपी वळते, सरकपट्टी हलते. तिच्या खाचेला आधी सपाटी, मग चढ, मग पुन्हा सपाटी दिसेल. चढाच्या जागी पुली जड लागते. उलटी फिरवताना त्याच टप्प्यावर ‘टक’ असा आवाज होऊन चुंबक सुटते आणि पुली एकदम हलकी होते. बेल्टची परीक्षा होते ती या दीड-दोन मिलिमीटरांत. बोटाने फिरवतानाही इतर कुठे अडत असेल तर दोष बेल्टचा नाही. खाचेत केस, डिंक किंवा वाळून मेणासारखे झालेले जुने ग्रीस सापडेल.

६. जुना बेल्ट काढून टेबलावर ठेवा. गोल न राहता लांबट पडला, तर त्याचे आयुष्य संपले.

नव्या बेल्टचे माप

सर्वाधिक चुका इथे होतात. दोन्ही पुलींच्या खाचेतून एक दोरा घट्ट फिरवा आणि त्याची लांबी मोजा. समजा ती ७२ मिमी भरली. बेल्टचा आतला परीघ यापेक्षा ६ ते ८ टक्के कमी हवा, म्हणजे ६६ ते ६८ मिमी. दुकानात माप आतल्या व्यासात सांगतात, म्हणून ३.१४ ने भागा: २१ ते २१.५ मिमी. छेद बहुधा चौकोनी असतो, बाजू १ ते १.२ मिमी. खाचेची रुंदी पाहून तोच घ्या. जाड बेल्ट खाचेच्या वर राहतो आणि उडी मारतो.

‘जरा घट्टच बरा’ असे म्हणू नका. फार ताणलेला बेल्ट मोटरचा दांडा एका बाजूला खेचतो, बुश (दांडा ज्यात फिरतो ती बारीक नळी) झिजते आणि ट्रे धक्के देत चालतो.

बेल्ट मिळेपर्यंत जुना बेल्ट उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून, पुसून पुन्हा बसवता येतो. रबर थोडे आकसते. हा इलाज तात्पुरता. तेवढ्या दिवसांत डिस्कमधले उतरवून घ्या.

बसवण्याआधी दोन्ही पुली अल्कोहोलच्या बड्सने पुसा. बड काळा येत राहील तोवर पुसत राहा. चकचकीत झालेल्या पुलीवर नवा बेल्टही घसरतो. बेल्ट चिमट्याने धरा, तेलकट बोटांनी नाही. एकदा बसला की पुली दोन-तीन फेरे फिरवून त्याला पीळ पडला नाही ना ते बघा. ग्रीस फक्त ट्रेच्या बाजूच्या रुळांना आणि सरकपट्टीच्या तिरप्या खाचेत, काडीच्या टोकावर मावेल एवढेच. दात्यांना कमी, पुलीला अजिबात नाही.

जुळणी

ट्रे पूर्ण काढला असेल तर परत घालताना सरकपट्टी ‘उघड्या’ टोकाला असली पाहिजे, म्हणजे चौकट खाली बसलेली. मग ट्रेच्या खाचेत खुंटी घेऊन ट्रे सरळ आत ढकला. पट्टी मधेच असताना ट्रे कोंबला तर गियर एका दात्याने चुकतो. मग ट्रे दोन-तीन मिलिमीटर बाहेरच राहतो किंवा चौकट पूर्ण वर जात नाही. दुसऱ्या प्रकारात ट्रे उत्तम चालतो, पण ड्राइव्ह ‘डिस्क घाला’ म्हणत राहतो आणि लोक लेझर गेला असे समजतात. हीच तक्रार चपटी केबल तिरकी बसल्यानेही येते, म्हणून सॉकेटमधली तिची कड अगदी समांतर आहे ना ते पाहा.

मोटरचा संशय असेल तर तिच्या छोट्या सर्किटची केबल काढून मोटरच्या दोन टोकांना दोन पेन्सिल सेल, म्हणजे ३ व्होल्ट, जोडा. ती विनाअडखळत फिरली पाहिजे. सेल उलटे जोडले की दिशा उलटते. त्याच सर्किटवर ट्रेचा स्विचही असतो. त्यात अल्कोहोलचा एक थेंब सोडून दांडी वीसेक वेळा इकडे-तिकडे करा.

दोन्ही पत्रे बसवल्याशिवाय ड्राइव्हला वीज देऊ नका. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा लाल किरण निदान दिसतो. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तो डोळ्यांना जास्त धोक्याचा.

चाचणी आधी रिकाम्या ट्रेने घ्या, कारण अवघड परीक्षा तीच. सलग दहा वेळा उघड-बंद करा. एकदाही ‘घूंऽऽ’ ऐकू आले तर बेल्ट एक माप लहान हवा. मग तडा नसलेली, कामाची नसलेली डिस्क घाला. तडा गेलेली डिस्क वेगात फुटते. फुटलेल्या डिस्कचे चूर्ण गियरमध्ये जाते आणि सगळे पुन्हा उघडावे लागते.

लॅपटॉपच्या १२.७ किंवा ९.५ मिमी जाडीच्या ड्राइव्हमध्ये यातले काहीच नसते. तिथे डिस्क हाताने फिरकीवर दाबून बसवायची असते. मधल्या गोलातल्या स्प्रिंगच्या तीन खुंट्या तिला धरतात. बटण दाबल्यावर छोटा विद्युतचुंबक आकडा सोडतो आणि स्प्रिंग ट्रेला पुढे ढकलते. तो अडला तर यू-पिनने उघडा, आकड्याजवळची धूळ काढा आणि ट्रेच्या दोन्ही बाजूंचे पत्र्याचे रूळ वाकलेले नाहीत ना ते तपासा. रूळ वाकला असेल तर तो सरळ करत बसू नका. दुसरा ड्राइव्ह घ्या.