पदवी पूर्ण करता करता भौतिकशास्त्राचा स्वाध्याय

खानापूर किंवा निपाणीहून रोज बसने बेळगावला येऊन बी.कॉम.चे शेवटचे वर्ष पूर्ण करताना ज्यांना भौतिकशास्त्र स्वतःच्या बळावर शिकायचे आहे, त्यांनी सुरुवात क्वांटम सिद्धांतापासून न करता यामिकीपासून (मेकॅनिक्स, म्हणजे गती आणि बल यांचा अभ्यास) करावी आणि कॅल्क्युलस तिच्या सोबतीनेच शिकावे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी वहीत वेग, त्वरण, संवेग, बल, शक्ती यांच्यासमोर व्हेलॉसिटी, अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, फोर्स, पॉवर असे लिहून ठेवावे. बोलण्यात बळ आणि शक्ती एकच असली, तरी येथे त्यांची एककेही वेगळी आहेत, न्यूटन आणि वॅट. व्याख्याने केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर विनामूल्य पाहता येतात.

प्रयोगशाळा नाही म्हणून मात्र अडून राहू नये. गुरुत्वत्वरण, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचे त्वरण, घरीही मोजता येते. दोऱ्याला लोखंडी नट बांधून, टांगणीपासून नटाच्या मध्यापर्यंत १ मीटर लांबी ठेवून, लहान झोक्याची २० आंदोलने (जाऊन परत येणे म्हणजे एक) मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजावीत. त्यांना सुमारे ४० सेकंद लागतात. एकच आंदोलन मोजल्यास बटण दाबण्यातील ०.२ सेकंदाची चूक आवर्तकालात, म्हणजे एका आंदोलनाच्या वेळात, १० टक्क्यांची होते आणि गुरुत्वत्वरणाच्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग येत असल्याने गुरुत्वत्वरणात ती साधारण २० टक्क्यांवर जाते, तर २० आंदोलनांत तीच चूक सुमारे १ टक्क्यावर येते. स्टॉपवॉच सुरू करताना ‘एक’ नव्हे, ‘शून्य’ म्हणावे. अन्यथा प्रत्यक्षात १९च आंदोलने मोजली जातात आणि गुरुत्वत्वरण सुमारे ११ टक्के जास्त येते.