घरच्या जिममध्ये ताकद कमावताय? गोव्यात या चुका टाळा

शिगम्याला घोडेमोडणीचा घोडा कमरेला बांधून नाचायचं, चवथीला स्टुलावर उभं राहून हात वर करून गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची, पावसाळ्यात सत्तरीतल्या धबधब्यांपर्यंत चालत जायचं, काजूच्या दिवसांत डोंगरउतारावर वाकून बिया वेचायच्या. गोव्यातल्या माणसाला ताकद लागते ती अशा कामांना. घरात एका खोलीत किंवा पडवीत जिम उभारणाऱ्यांचा हेतूही बहुतेकदा हाच असतो. पण प्रत्यक्षात व्यायाम छाती आणि दंडांभोवतीच फिरत राहतो. काही महिने नियमित घाम गाळलेला माणूस पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर चढून जातो आणि उतरताना मात्र त्याचे पाय थरथरतात.

पायांना विसरणं, त्यातही उतरण्याला

चढताना दम लागतो, म्हणून सगळं लक्ष दमाकडे जातं. उतरण्याचं काम वेगळं आहे. प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन तोलून धरतो, ब्रेक लावतो. या कामाची सवय नसली की पाय लटपटतात आणि एक-दोन दिवसांनी जिना उतरणंही नकोसं होतं. नुसतं चालून ही ताकद फारशी वाढत नाही, ती मुद्दाम कमवावी लागते.

त्यासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो स्टेप-डाउन, म्हणजे पायरीवरून सावकाश खाली उतरण्याचा व्यायाम. पडवीच्या साध्या पायरीवर, 15 ते 20 सेंटिमीटर उंचीच्या, एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद घेत हळूहळू जमिनीला टेकवायची. प्रत्येक पायाचे 8 रेप्स (एक रेप म्हणजे एकदा पूर्ण केलेली हालचाल), असे 3 सेट, म्हणजे मध्ये थांबून तीनदा, आठवड्यातून दोनदा. गुडघा आत झुकत असेल तर पायरी तुमच्यासाठी उंच आहे, कमी उंचीवर या. गुडघ्याच्या वाटीपुढे दुखत असेल तर थोडंच खाली जा. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल, तर पुढच्या वेळी रेप्स कमी करा. हे जमलं की हातात डंबेल घ्या. सोबत स्क्वॉट (उठाबशा) आणि लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) ठेवा. ट्रेकच्या आधीचे दोन दिवस मात्र पायांचा जड व्यायाम नको.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे उचलणं आणि वाहून नेणं. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण 30 किलोचा असतो: 14.2 किलो गॅस आणि बाकी वजन लोखंडाचं. पाण्याचा मोठा कॅन 20 लिटरचा, म्हणजे 20 किलो. ही ओझी कमरेतून वाकून उचलली की पाठ धरते. नितंब मागे ढकलून, पाठ सरळ ठेवून वाकायची सवय रोमेनियन डेडलिफ्टमधून लागते, म्हणजे उभ्याने हातातलं वजन मांड्यांजवळून खाली नेऊन परत वर आणण्यातून. दोन्ही हातांत वजन घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या की पकड, खांदे आणि पोट एकदमच तयार होतात. पाण्याचे दोन कॅन असले तर वेगळं साहित्य आणायचीही गरज नाही.

जमिनीवरून डेडलिफ्ट करताना, म्हणजे प्लेट लावलेला रॉड उचलून उभं राहताना पाठ दुखते, ही घरी व्यायाम करणाऱ्यांची नेहमीची तक्रार. तिचं एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मोठ्या जिममधल्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून सुमारे 22 सेंटिमीटर उंच राहतो. घरच्या सेटमधल्या प्लेट लहान असतात, रॉड फार खाली येतो आणि तिथवर पोचायला पाठ गोल करावी लागते. दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली सारख्या उंचीचे भक्कम लाकडी ठोकळे ठेवा. मग रॉड नडगीला जवळपास चिकटूनच वर न्या. शरीरापासून लांब गेलेला रॉड कमरेवरचा ताण लगेच वाढवतो.

चिऱ्याच्या भिंतीला पुल-अप बार ठोकणं

याबाबत मी कडक सांगेन. जांभा दगड सच्छिद्र असतो आणि काँक्रीटपेक्षा बराच मऊ. त्यात बसवलेला फुलणारा बोल्ट फोटोफ्रेम किंवा फळी सहज धरतो. पण 70 किलोचा माणूस लोंबकळून वर-खाली झाला की बोल्टभोवतीचा दगड भुगा होत जातो, आणि वरचा गिलावा शाबूत असल्यामुळे ते बाहेरून दिसत नाही. बार बसवायचा तर काँक्रीटच्या बीममध्ये किंवा खांबात, जाणत्या माणसाकडून. नाहीतर जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या. जुन्या कौलारू घरात वाशाला किंवा दाराच्या चौकटीला लटकण्याचा मोह होतो, पण लाकूड आतून वाळवीने खाल्लेलं असू शकतं. जागाच नसेल तर खाली वाकून डंबेल रोइंग करा, म्हणजे डंबेल पोटाकडे ओढा, पाठीला त्याचाही चांगला फायदा होतो.

फरशीवर थेट वजन ठेवू नका. आधी जाड प्लायवूड आणि त्यावर रबरी मॅट घाला. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मॅट उचलून उभी करा, कारण खाली ओल साचून बुरशी धरते आणि पाय घसरतो.

दमट हवेला गृहीत न धरणं

गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि किनाऱ्यालगत हवेत मीठही असतं. त्यात आपला खारट घाम रॉडवर तसाच राहिला की गंज धरायला वेळ लागत नाही. व्यायाम संपल्यावर रॉड आणि डंबेल कोरड्या फडक्याने पुसायचे, आठवड्यातून एकदा शिलाई मशिनच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि जास्तीचं तेल टिपून घ्यायचं. गंज आलाच असेल तर तारेच्या ब्रशने तेल लावून घासा. हात घसरू नये म्हणून रॉडच्या पकडीवर कोरलेल्या बारीक रेषा गंजाने भरल्या असतील तर ब्रश त्या रेषांच्याच दिशेने चालवा. साहित्य प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं मात्र चूक आहे, ओल आतच कोंडते.

याच कारणाने समुद्राजवळच्या घरात केबल आणि पुलीचं मल्टिजिम (अनेक व्यायामांचं एकच यंत्र) घेऊ नये, असं माझं मत आहे. केबलची एक तार तुटलेली दिसली तरी ते वापरणं थांबवावं लागतं. डंबेल, रॉड, प्लेट आणि एक साधा बाक एवढ्यात पाच-सहा वर्षांचं काम भागतं. रबरी बँड वापरत असाल तर दर वेळी ताणून बारीक भेगा बघा.

दमटपणाचा त्रास शरीरालाही होतो. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी जड सेट मारू नका. सकाळची वेळ घ्या, पंखा लावा, दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं बसा. घाम फार गेला असेल तर मीठ घातलेलं कोकम सरबत उत्तम.

महिनोन्‌महिने तेच वजन, किंवा रोज नवा विक्रम

दोन्ही टोकं सारखीच वाईट. साधी रीत अशी: 8 रेप्स नीट जमतील असं वजन घ्या, दर वेळी एखादा रेप वाढवत सगळे सेट 12 वर न्या, मग वजन वाढवून पुन्हा 8 वर या. हे वहीत लिहा, आठवणीवर सोडू नका. घरी अडचण येते ती वजनांमधल्या मोठ्या उड्यांची. 5 किलोच्या डंबेलवरून 7.5 वर जाणं म्हणजे एकदम दीडपट. तेव्हा आधी 15 रेप्सपर्यंत जा, खाली येताना वेग कमी करा, तळाला दोन सेकंद थांबा. प्लेटवर छापलेलं वजन खरं असेलच असं नाही, म्हणून एकदा काट्यावर मोजून त्यावर खडूने लिहून ठेवा.

एकट्याने बाकावर झोपून रॉडने बेंच प्रेस करताना, म्हणजे रॉड छातीवरून वर ढकलताना, शेवटचा रेप अडकला तर सोडवायला कुणी नसतं. अडकलेला रॉड अडवून धरणारा सेफ्टी बार नसेल तर डंबेल घेऊन जमिनीवर पाठ टेकूनच प्रेस करा. कोपर जमिनीला टेकतात आणि वजन तिथेच थांबतं.

आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 सालचं मार्गदर्शनही प्रौढांना स्नायू बळकट करणारे व्यायाम किमान दोन दिवस करायला सांगतं. चवथीत दहा-बारा दिवस खंड पडला तर घाबरू नका, तेवढ्यात ताकद फारशी जात नाही. परत येताना पहिल्या आठवड्यात नेहमीच्या दोन-तृतीयांश वजनावर दोनच सेट करा.

ताटात भात जास्त, प्रथिनं कमी

नियमित वजन उचलणाऱ्यांना शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 1.4 ते 2 ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात. 60 किलोच्या माणसाला म्हणजे किमान 84 ग्रॅम. 100 ग्रॅम बांगड्यात साधारण 19-20 ग्रॅम, एका अंड्यात सुमारे 6. श्रावणात किंवा सोमवारी मासे नसतात तेव्हा मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची भाजी), चण्याचा रोस, दही, पनीर किंवा सोयाबीन मुद्दाम वाढवावं लागतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

घरातल्या वयस्करांना बाहेर ठेवणं

जिम घरातच आहे, तर आई-बाबांनाही बोलवा. 65 वर्षांवरील माणसांनी तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनात म्हटलंय. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याने करा, 5 वेळा, दोन सेट. न जमल्यास खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मग ओट्याला बोटं टेकवून एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं. सहज जमू लागलं की छातीशी एक किलो तांदळाची पिशवी धरून उठायला सांगा. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडू नये, उठताना सोडावा. छातीत दाब आला, चक्कर आली किंवा पायात मुंग्या येऊन ताकद गेल्यासारखी वाटली, तर व्यायाम तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीतला दाब बसूनही जात नसेल तर वाट न बघता 108 ला फोन करा.