पिंग येतंय, पण ग्राहक बंद: सेगमेंट राउटिंग आणताना या चुका टाळा

"पिंग तर येतंय की साहेब."

रात्री पावणेदोनला तासगावच्या पॉपवरून (आमच्या तिथल्या उपकेंद्रावरून) आमचा फील्डचा माणूस हे सांगत होता. खरंच येत होतं. साताऱ्याच्या नॉकमधून (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षातून) तासगावच्या राउटरच्या लूपबॅकला (त्याच्या कायमच्या पत्त्याला) केलेलं प्रत्येक पिंग, म्हणजे 'आहेस का?' विचारणारं छोटं पॅकेट, परत येत होतं. पण तासगावातल्या बँकेच्या शाखा, दवाखाने, सेतू केंद्रं यांची व्हीपीएन (आमच्या नेटवर्कवरचं त्यांचं खासगी जाळं) साफ बंद होती. लिंक अप, राउटरना रस्ते सांगणारे आयएस-आयएस आणि बीजीपी हे प्रोटोकॉलही अप. दीड तास आम्ही तासगावच्या राउटरचा कोपरा न कोपरा तपासला. चूक तिथे नव्हतीच. ती त्याच संध्याकाळी रहिमतपूरला बसवलेल्या नव्या राउटरवर, एका ओळीत होती.

सातारा, सांगली भागातल्या छोट्या-मध्यम इंटरनेट सेवा पुरवठादारांकडे आता सेगमेंट राउटिंग येऊ लागलंय आणि ते यावं असं मला मनापासून वाटतं. पण जिथे आम्ही ठेचकाळलो तिथे दुसऱ्या कुणी ठेचकाळू नये, म्हणून हे लिहितोय.

आधी दोन शब्द, हे आहे काय त्याबद्दल. जुन्या एमपीएलएसमध्ये, म्हणजे पॅकेटवर लावलेल्या लेबलाच्या आकड्यावरून ते पुढे पाठवण्याच्या पद्धतीत, आयएस-आयएस किंवा ओएसपीएफ हे प्रोटोकॉल रस्ता शोधतात आणि लेबलं वाटायला एलडीपी हा वेगळा प्रोटोकॉल लागतो. ठरावीक रस्त्यानेच ट्रॅफिक न्यायचं असेल तर आरएसव्हीपी हा आणखी एक प्रोटोकॉल लागतो आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरला त्या ठरलेल्या रस्त्याची, म्हणजे टनेलची, नोंद ठेवावी लागते. म्हणजे साताऱ्याहून सांगलीला निघालेल्या प्रवाशाचं नाव वाटेतल्या प्रत्येक एसटी स्टँडच्या वहीत लिहिलेलं हवं. सेगमेंट राउटिंगमध्ये प्रवाशाच्या हातातच चिठ्ठी असते: आधी विटा, मग तासगाव, मग सांगली. वाटेतल्या स्टँडला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागत नाही. चिठ्ठीवरच्या प्रत्येक नोंदीला सेगमेंट म्हणतात, तिच्या क्रमांकाला सिड. सिडची माहिती आयएस-आयएस किंवा ओएसपीएफ स्वतःच पसरवतात, त्यामुळे एलडीपीची गरज उरत नाही. ही रचना जुलै २०१८च्या आरएफसी ८४०२ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात आहे. एमपीएलएसवर ती कशी चालते ते डिसेंबर २०१९च्या आरएफसी ८६६०मध्ये.

एकच इंडेक्स दोन राउटरना

आता रहिमतपूरकडे परत येतो. प्रत्येक राउटरच्या लूपबॅकला आपण एक इंडेक्स देतो. राउटरनी लेबलांचा एक पट्टा यासाठी राखून ठेवलेला असतो, त्याला एसआरजीबी म्हणतात. सिस्कोच्या राउटरवर तो मुळात १६००० ते २३९९९ असतो. पट्ट्याची सुरुवात अधिक इंडेक्स म्हणजे लेबल. तासगावचा इंडेक्स २७, म्हणून अख्ख्या नेटवर्कमध्ये तासगावचं लेबल १६०२७.

आमच्याकडे लूपबॅकचा शेवटचा आकडा हाच इंडेक्स, अशी पद्धत. तासगावचा लूपबॅक १०.२५५.०.२७, रहिमतपूरचा १०.२५५.०.१९. नव्या राउटरचं कॉन्फिगरेशन तासगावच्या फाइलवरून उचललं गेलं. नाव बदललं, लूपबॅक बदलला, इंटरफेस बदलले, इंडेक्सची ओळ मात्र २७च राहिली. एकाच लेबलवर दोन दावेदार आले की राउटर नियमाने एकाला निवडतो. आमच्या राउटरांवर आकड्याने लहान पत्ता जिंकला, म्हणजे रहिमतपूर. तासगावचा प्रीफिक्स, म्हणजे त्याचा पत्ता, लेबलाविना राहिला. साधं पिंग आयपीवरून जातं, त्याला लेबल लागत नाही, म्हणून ते पोचत होतं. व्हीपीएनच्या पॅकेटला लेबलाचा रस्ता लागतोच, म्हणून ती मरत होती. रहिमतपूरला अजून एकही ग्राहक नव्हता, त्यामुळे तिकडून तक्रार येण्याचा प्रश्नच नव्हता. दुखणं तासगावला, मूळ रहिमतपूरला.

यातून आम्ही दोन सवयी लावून घेतल्या. साध्या पिंगवर विश्वास ठेवायचा नाही. एलएसपी पिंग करायचं, म्हणजे लेबलाचा रस्ताच तपासला जातो. आणि इंडेक्सची एकच वही. राउटर गाडीत चढण्याआधी त्याचा इंडेक्स वहीत चढला पाहिजे. वही एक्सेलमध्ये असो नाहीतर डेटाबेसमध्ये, ती एकच असावी आणि तिचा धनी एकच असावा. सेगमेंट राउटिंगमध्ये कमांड खूप कमी होतात हे खरं, पण एलडीपी जे परस्पर ठरवायचा ते आता माणसाने ठरवायचं असतं. आमच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच आल्या.

एसआरजीबी ज्याचा त्याचा

दोन कंपन्यांचे राउटर असतील तर पट्टे वेगळे असू शकतात. प्रोटोकॉलला ते चालतं. प्रत्येक राउटर आपला पट्टा जाहीर करतो आणि शेजारी त्याप्रमाणे लेबल लावतो. त्रास माणसाला होतो. एका ठिकाणी तासगाव म्हणजे १६०२७, दुसऱ्या ठिकाणी १०००२७. रात्री तीनला ट्रेस (पॅकेट कुठून कुठे गेलं त्याची यादी) वाचताना हा फरक ध्यानात राहत नाही आणि हाताने लिहिलेल्या लेबलांच्या यादीत तर हमखास घात होतो. पहिल्याच दिवशी सगळीकडे एकच पट्टा ठरवा, तोही पुढची दहा वर्षं पुरेल एवढा. नंतर बदलायला गेलात आणि त्या पट्ट्यातली लेबलं आधीच वापरात असली, तर राउटर रीलोड करण्याची वेळ येते.

जुना राउटर आयएस-आयएसच्या नॅरो मेट्रिकवर (लिंकची किंमत लिहायच्या जुन्या, छोट्या साच्यावर) असेल तर सिडची माहिती त्यात बसतच नाही. आधी सगळीकडे वाइड मेट्रिक करा, मगच पुढे जा.

"एसआर (सेगमेंट राउटिंग) चालू झालं" असं समजून एलडीपी काढणं

ही चूक मी स्वतः केली आहे. सेगमेंट राउटिंग चालू केलं, सिड दिसू लागले, आठवडाभर एकही तक्रार नाही. पण सिस्कोवर एलडीपी आणि एसआर दोन्ही असतील तर मुळात एलडीपीलाच पसंती असते. म्हणजे तो आठवडा सगळं ट्रॅफिक एलडीपीच वाहत होता आणि एसआर नुसतं शेजारी उभं होतं. मेंटेनन्स विंडोमध्ये एलडीपी काढल्यावर कोरेगावच्या राउटरला प्रीफिक्स सिड द्यायचाच राहिला होता हे कळलं, तेही ग्राहकाच्या फोनवरून.

ओळखायचं कसं? फॉरवर्डिंग टेबलमध्ये जाणाऱ्या लेबलाचा आकडा बघा. तुमच्या पट्ट्यातला, म्हणजे १६०००च्या घरातला असेल तर एसआर. २४०००च्या पुढचा, प्रत्येक राउटरवर वेगळा दिसला तर बहुधा एलडीपी. त्यामुळे क्रम असा ठेवा: सगळीकडे एसआर चालू करा, प्रत्येक लूपबॅकसमोर सिड आहे का ते वहीशी जुळवा, मग एसआरला पसंती देणारी ओळ टाका. त्यानंतर एलडीपी काही आठवडे तसंच राहू द्या. ते काढायची घाई करण्यासारखं त्यात काही नाही. एखाद्या पॉपवर एसआर न समजणारा जुना राउटर असेल तर त्याच्या वतीने सिड जाहीर करायला मॅपिंग सर्व्हर लागतो. त्याशिवाय एसआरच्या लेबलाने तो राउटर गाठता येत नाही.

बिघाड शोधतानाही पायऱ्या याच. शेजाऱ्याशी आयएस-आयएस आहे का, त्याने एसआरजीबी जाहीर केलाय का, त्या प्रीफिक्सला सिड आलाय का, टेबलमध्ये लेबल बसलंय का, आणि शेवटी एलएसपी ट्रेस. मधली पायरी गाळून थेट शेवटाकडे उडी मारली की तासगावसारखे दीड-दीड तास जातात.

एमटीयू: दुसऱ्या रस्त्याने गेल्यावरच दिसणारी चूक

सातारा-सांगलीमध्ये आमचे दोन रस्ते आहेत. पश्चिमेचा कराड, पेठ नाका, आष्टा असा. पूर्वेचा कोरेगाव, रहिमतपूर, विटा, तासगाव असा. पश्चिमेची फायबर तुटली की सगळा भार पूर्वेला येतो आणि विटा-तासगावमधली आमची स्वतःची लिंक भरून जाते. म्हणून बँकांचं ट्रॅफिक त्या वेळी विट्यातून तासगावला जाणाऱ्या दुसऱ्या, भाड्याच्या लिंकने न्यायचं असं पॉलिसीत ठरवून ठेवलं होतं. चिठ्ठी अशी: विट्याचा नोड सिड (राउटरचा सिड), तिथून त्या लिंकचा अ‍ॅडजसन्सी सिड (एका लिंकचा सिड), मग सांगलीचा नोड सिड.

एका दुपारी पश्चिमेची फायबर तुटली आणि पॉलिसी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या रस्त्यावर आली. सांगलीतल्या बँकेच्या लोकांनी सांगितलं, लॉगिन होतं, पण स्टेटमेंट डाउनलोड होत नाही. छोटी पॅकेटं जातात, मोठी मरतात. हे ऐकलं की पहिला संशय एमटीयूवरच, म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटच्या मर्यादेवरच, घ्यावा.

हिशोब करून बघा. ग्राहकाचं पॅकेट १५०० बाइटचं. प्रत्येक लेबल ४ बाइटचं. रोजच्या रस्त्याला दोन लेबलं, एक सांगलीचं आणि एक व्हीपीएनचं, म्हणजे १५०८. चिठ्ठीवाल्या रस्त्याला तीन सिड आणि व्हीपीएनचं एक, म्हणजे चार लेबलं, १५१६. सातारा-कोरेगाव हा टप्पा आमचा भाड्याचा आणि तिथे कुणीतरी फार पूर्वी दोन लेबलांपुरता हिशोब करून १५०८ ठेवलं होतं. इथे एक बारकावा आहे. चिठ्ठीतल्या नोंदी पुढे जाता जाता गळत जातात, विट्याच्या पुढे पुन्हा दोनच लेबलं उरतात. म्हणजे लेबलांचा ढीग सगळ्यात उंच असतो तो सुरुवातीच्याच टप्प्यात. आम्ही भाड्याची लिंक म्हणून विटा-तासगाव तपासत बसलो आणि अडलं होतं साताऱ्याच्या दारातच.

गाभ्यातल्या प्रत्येक लिंकवर ९००० किंवा त्याहून मोठा एमटीयू ठेवा. भाड्याच्या लिंकसाठी तो करारात आकड्यात लिहून घ्या. आणि चाचणी नेहमी पूर्ण आकाराच्या पॅकेटने, तुकडे न करण्याचा बिट लावून, पर्यायी रस्त्यावरून घ्या. रोजच्या रस्त्यावरची चाचणी इथे उपयोगाची नाही. एसआरव्ही६ (आयपीव्ही६वर चालणारं सेगमेंट राउटिंग) आणायचा विचार असेल तर हे दुप्पट काळजीने बघा: तिथे एकेक सिड १६ बाइटचा असतो. तीन सिडची पूर्ण यादी हेडरमध्ये गेली तर ४० (बाहेरचा आयपीव्ही६ हेडर) अधिक ८ (सिडच्या यादीचा हेडर) अधिक ४८ (तीन सिड), म्हणजे ९६ बाइट वाढतात.

याच पॉलिसीत आणखी एक खाच होती. अ‍ॅडजसन्सी सिड राउटर आपोआप देतो आणि रीलोडनंतर तो आकडा बदलू शकतो. आम्ही तो आकडा जसाच्या तसा यादीत लिहिला होता. विट्याचा राउटर वीज गेल्याने बंद होऊन चालू झाला आणि चिठ्ठीवरचं लेबल कुणाचंच राहिलं नाही. एकतर हा सिड हाताने, राउटरच्या स्थानिक (फक्त त्याच्यापुरत्या) लेबल-पट्ट्यातून कायमचा द्या, किंवा यादीत लेबलाऐवजी लिंकचा आयपी पत्ता लिहा म्हणजे राउटर स्वतः लेबल शोधतो. आणि जुना राउटर एका वेळी किती लेबलं चढवू शकतो तेही आधी बघून घ्या. सगळ्यांची ताकद सारखी नसते.

दोन रस्ते, चर एकच

टीआय-एलएफए हे सेगमेंट राउटिंगचं मोठं देणं. लिंक तुटण्याआधीच पर्यायी रस्ता काढून ठेवलेला असतो आणि ५० मिलिसेकंदांच्या आत ट्रॅफिक वळवायचं उद्दिष्ट असतं. पण राउटरला नकाशा दिसतो, जमीन दिसत नाही.

सातारा-कराड थेट एक लिंक आणि उंब्रजवरून दुसरी. कागदावर दोन वेगळ्या रेषा. टीआय-एलएफएने थेट लिंकला पर्याय म्हणून उंब्रजची लिंक निवडली, त्याच्या दृष्टीने बरोबरच. पण उंब्रजपर्यंत दोन्ही केबल हायवेच्या कडेने एकाच चरातून जातात. रुंदीकरणाच्या कामात जेसीबीचा एक फाळ पडला आणि दोन्ही गेल्या. ट्रॅफिक पूर्वेला वळायला काही सेकंद लागले, तेवढ्यात चालू कॉल तुटले. कोणत्या लिंक एकाच चरात आहेत हे राउटरला एसआरएलजी या गटाच्या रूपात सांगता येतं, पण सांगायचं आपणच.

शिवाय लिंक तुटली हे राउटरला कळलं पाहिजे. मध्ये कन्व्हर्टर किंवा दुसऱ्याचा स्विच असेल तर पलीकडची फायबर तुटूनही आपला पोर्ट अपच राहतो. मग आयएस-आयएसचा होल्ड टाइम (शेजाऱ्याची वाट बघण्याची मुदत), सिस्कोवर मुळात ३० सेकंद, संपेपर्यंत ट्रॅफिक भिंतीवर आपटत राहतं. अशा प्रत्येक लिंकवर बीएफडी (पलीकडचा राउटर जिवंत आहे का ते झटपट, सतत तपासणारा प्रोटोकॉल) लावा. त्याशिवाय ५० मिलिसेकंदांचं आश्वासन ग्राहकाला देऊ नका.

आरएसव्हीपीकडून येणाऱ्यांसाठी एवढंच: सेगमेंट राउटिंगमध्ये वाटेवरचे राउटर बँडविड्थ राखून ठेवत नाहीत. चिठ्ठीत रस्ता लिहिलेला असतो, जागा नाही. भार मोजून रस्ता ठरवणारा कंट्रोलर नसेल तर लिंकच्या आलेखांवर रोज नजर ठेवणं हे तुमचंच काम आहे.

आमच्या वहीत आता इंडेक्सच्या शेजारी एमटीयू आणि चर असे दोन रकाने वाढलेत. स्प्लायसिंगला गेलेली टीम चेंबर उघडलं की त्यात कोणकोणत्या केबल आहेत त्याचा फोटो पाठवते, आणि त्यावरून चराचा रकाना भरला जातो. कराड ते पेठ नाका हा टप्पा अजून भरायचा आहे.