संगणकाची प्रणाली निवडताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचे हिशेब ज्यांना टॅलीवर ठेवायचे आहेत, त्यांनी फार विचार न करता विंडोजच घ्यावी, कारण टॅली मुळात विंडोजसाठीच बनवलेली आहे. मात्र विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची मोफत अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते; जुन्या संगणकाचे घोडे बहुधा या शेवटच्या अटीपाशीच अडते. अशा वेळी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, डिस्कवरचे काहीही न पुसता, तिथूनच संगणक सुरू करावा आणि प्रिंटर, वायफाय व इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीतले मराठी टंकलेखन नीट चालते का, ते पाहावे. मला स्वतःला मिंटच आवडते. अर्थात आवड हिशेबानंतर. मॅकओएससाठी अ‍ॅपलचाच संगणक घ्यावा लागतो.