सीवूड्सला गेलो, पक्षीच नव्हते: खाडीकाठच्या या चुका टाळा

थंडी पडली की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, भल्या पहाटे नवी मुंबईत सीवूड्सला जाऊन आलो, एकही रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसला नाही. यंदा आले नाहीत का?" मी विचारते, भरती किती वाजता होती? पुढे उत्तर नसतं.

पहिली चूक हीच, नुसतं घड्याळ बघून निघणं. ठाणे खाडीतले पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर चरतात. भरती चढून चिखल बुडाला की थवे सीवूड्सच्या डीपीएस शाळेजवळच्या आणि टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या तळ्यांवर येऊन विसावतात. तेव्हा तळ्यावर जायचं ते भरतीला. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. खाडीत आत पाणी जरा उशिरा पोचतं. मी तासभर आधी जाऊन बसते, थवे उतरताना बघायला मिळतात.

दुसरी चूक मला सहन होत नाही: फोटोसाठी पक्षी उडवणं. काही वर्षांपूर्वी पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही तळ्यावर होतो. रोहित एका पायावर उभे, माना पिसांत. कडेला काळ्या शेपटीचे पाणटिवळे दाटीवाटीने टेकलेले. आमच्यातल्याच एका नव्या मुलाने आधी टाळ्या वाजवल्या, मग खडा फेकला. अख्खं तळं उठलं. त्याला फोटो मिळाला, थव्याला मात्र उतरायला जागा मिळेना, कारण खाडी काठोकाठ भरलेली. तीन घिरट्या घालून रोहित परत बसले. पाणटिवळे आम्ही निघेपर्यंत आले नाहीत. "ताई, ते रोज उडतातच की!" तो म्हणाला. अरे, ते विश्रांतीचे तास असतात. पाणटिवळ्यांना उन्हाळ्याच्या तोंडाला हजारो किलोमीटर उत्तरेकडे जायचं, त्यासाठी अंगावर चरबी धरायची. अशा प्रत्येक उड्डाणात ती जळते. मी त्याला खूप बोलले, आजही बोलेन.

तेव्हापासून नव्या माणसाला पहिला हिवाळा कॅमेरा आणू देत नाही. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबायचं, दोन पावलं मागे यायचं, खाली बसायचं.

कुरवांना (सीगलना) शेव-गाठ्या घालू नका. ड्रोन तर नकोच. करड्या रंगाचा रोहित दिसला तर ते वर्षाच्या आतबाहेरचं पिल्लू असतं, वेगळा पक्षी नव्हे. ठाणे शहरातल्या मसुंदा तळ्यावर थव्यांची आशा धरू नका. तिथले बगळे आणि पाणकावळे मन लावून बघा.

आणि पक्षी मोजताना पाण्याकडे न बघणं, ही जुन्या मंडळींचीही चूक. खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली, पण ही विश्रांतीची तळी खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. खाडीचं पाणी आत येण्याची वाट बुजली की तळं आटतं, शेवाळतं. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तळं असंच आटलं, तिथे रोहित मेलेले सापडले. डेब्रिजचा एक ट्रक ओतला गेला तरी काठ आत सरकतो. म्हणून परतताना मी पाणी आत येतं त्या जागी पाच मिनिटं उभी राहते. भरती असून पाणी हलत नसेल, तर तारीख-वेळेसह फोटो काढून त्याच दिवशी वनविभागाला आणि महापालिकेला लेखी कळवते.