चवथीआधी गावचा जुना पीसी खेळता करताना

आमच्या गोव्यातल्या वाळपईकडच्या घरात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सात पोरं जमतात. सगळ्यात धाकटं चार वर्षांचं, थोरला बारावीत. पाऊस असतोच, त्यामुळे अंगण बंद. मोबाइलला रेंज हवी तर गोठ्यामागच्या दरडीवर चढावं लागतं. आणि मधल्या खोलीत जुन्या चादरीखाली एक पीसी आहे: इंटेल ड्युअल कोअर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड (ग्राफिक्स त्यातच, वेगळं कार्ड नाही), दोन जीबी रॅम, विंडोज ७. भंगारवाला दोनदा बघून गेला, दादाने दिला नाही. गेली तीन वर्षं मी तो चवथीसाठी खेळता करून ठेवते. पहिल्या वर्षी हे काम आदल्या रात्री काढलं होतं, एकीकडे गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधणं चाललेलं आणि एकीकडे मी पेचकस घेऊन जमिनीवर. ते पुन्हा नको म्हणून ही तयारी. तुमच्याही गावच्या घरात असा खोका असेल तर दोन आठवडे आधी हात घाला. काही बिघडलं असलं तर मध्ये एक बाजारचा दिवस मिळायला हवा.

पहिलं काम खेळांचं नाहीच. वायर काढा, कॅबिनेटचं एका बाजूचं पान उघडा आणि आत बघा. पावसाळाभर बंद राहिलेल्या मशीनमध्ये काय सापडेल सांगता येत नाही. आमच्याकडे एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) पंख्याशी पालीची दोन अंडी होती. रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ झाडा, पंखे बोटाने फिरतात का पाहा. मग चालू करा. पडदा काळा आणि आतून नुसतं बीप बीप येत असेल तर मशीन मेलं म्हणून लगेच रडू नका. आपल्या दमट हवेत हा आजार ठरलेला आहे. पुन्हा वायर काढा, रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबून पट्टी बाहेर घ्या, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा फुंकून नाही तर कोरड्या फडक्याने पुसून काढा आणि दोन्हीकडून ‘टक’ वाजेपर्यंत पट्टी परत बसवा. फुंकर मारली की थुंकी उडते, म्हणून फडकं. दहातल्या सात वेळा एवढ्यावर भागतं.

त्याच वेळी मदरबोर्डवरचा गोल सेल बदलून टाका. सीआर२०३२ म्हणून मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो मेला की मशीन दर वेळी आपली तारीख विसरतं. त्याने काय बिघडतं? आमचा पीसी एकदा २००८ सालात जागा झाला आणि ब्राउझर एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. मी तासभर मोडेमला शिव्या घातल्या. दोष तारखेचा होता. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र पीसीच्या घड्याळाने अजून सुरूच झालेलं नव्हतं.

मशीन उठलं की त्याची कुंडली लिहून घ्या, कागदावर. विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘डीएक्सडायॅग’ (dxdiag) चालवलं की प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स सगळं एका खिडकीत येतं. विंडोज ३२ बिट आहे की ६४ हेही तिथेच दिसतं. हा कागद जवळ असल्याशिवाय एकही खेळ उतरवू नका. रॅम एक-दोन जीबी असेल आणि बोर्डवर रॅमची एक जागा रिकामी असेल तर जुनी डीडीआर२ ची पट्टी म्हापशातल्या किंवा पणजीतल्या दुरुस्तीवाल्याकडे विचारा, त्यांच्या खणात पडलेल्या असतात. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाकली तर मशीन झटकन सुरू होईल, पण खेळातले धक्के त्याने कमी होत नाहीत. ग्राफिक्स कार्डवर मात्र एक रुपयाही घालू नका. तेवढ्यात पोरांना पाच दिवस आईस्क्रीम होईल.

आता ‘फुकट’चं. थोरला दर वर्षी म्हणतो, आत्या, अमुक गेम फुकट आहे, तोच टाक. फुकट आहे खरा, पण तो पन्नास-साठ जीबी जागा मागतो, सतत नेट मागतो, ६४ बिट आणि नवं विंडोज मागतो आणि आत गेलं की कपड्यांना, बंदुकांना पैसे मागतो. पीसीच्या खेळांचं ऑनलाइन दुकान स्टीम, त्यानेही १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ ला सोडलं आहे. आपल्याला हवेत ते खरोखरचे मुक्त खेळ, ज्यांचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, सगळ्यांना उघडा आहे आणि जे लोकांनी वर्षानुवर्षं हौसेने घडवलेत. त्यात दुकान नाही, जाहिरात नाही, खातं उघडायला लागत नाही, एकदा उतरवला की नेटची गरज नाही. सात पोरांच्या घरात शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी.

उतरवायचं काम पणजीच्या घरीच आटपून पेनड्राइव्ह भरून न्यायचा. गावात नेट मिळेल या भरवशावर राहू नका. फाइल खेळाच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. ‘फ्री गेम्स डाउनलोड’ म्हणून शोधलं की जी पानं वर येतात त्यांत चार हिरवी बटणं असतात आणि चारही खोटी. मी एकदा त्यातलं एक दाबलं. खेळ आला, सोबत तीन टूलबार आणि एक ‘पीसी वेगवान करा’वाला पाहुणा आला, तो पुढे विसर्जनानंतरही जाईना. शिवाय विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०२० मध्येच थांबली, तेव्हा असा पीसी नेटपासून लांब ठेवणंच बरं. त्यावर बँकेचं काम तर नकोच. एखाद्या खेळाची ताजी आवृत्ती विंडोज ७ ला नाक मुरडत असेल तर त्याच साइटवर मागच्या आवृत्त्या बहुतेक वेळा ठेवलेल्या असतात, ती घ्या.

काही खेळ अर्धेच उतरतात, हे मला फार उशिरा कळलं. ओपनटीटीडी घ्या. १९९५ च्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सचा हा मुक्त अवतार: १९५० सालापासून सुरुवात, बस, आगगाड्या, जहाजं, विमानं चालवून कंपनी उभी करायची. इतका हलका की कुठल्याही खोक्यावर पळतो. पण फाइल नेऊन गावी उघडला तर तो म्हणतो, चित्रं नाहीत, नेटवरून आणू का? त्याची मुक्त चित्रं ओपनजीएफएक्स या नावाने वेगळी मिळतात. ती आधी उतरवा, झिप उघडा, आतली ‘टार’ फाइल न उघडता खेळाच्या ‘बेससेट’ (baseset) फोल्डरमध्ये टाका. आवाजासाठी ओपनएसएफएक्स तसाच. लुआंटीचंही हेच. २०२४ पर्यंत त्याला माइनटेस्ट म्हणायचे. ठोकळ्यांचं जग, खणा आणि बांधा. नुसता लुआंटी म्हणजे रिकामं भांडं, आतला खेळ त्याच्या ‘कंटेंट’ टॅबमधून वेगळा घ्यावा लागतो. आमची पोरं व्हॉक्सलिब्रे खेळतात. हा मी पीसीवर नाही, भावाच्या आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर टाकते, कारण जी३१ चं ग्राफिक्स त्याला ओढत नाही. लॅपटॉपवरही लांबचं दिसण्याचं अंतर कमी केलं की तो सुरळीत चालतो.

म्हणून नेण्याआधी एक परीक्षा करा: घरचं वायफाय बंद करा आणि प्रत्येक खेळ पाच मिनिटं खरोखर खेळून बघा. जो उघडला नाही तो गावीही उघडणार नाही.

सुपरटक्सकार्ट हवाच, पेंग्विनच्या गाड्यांची शर्यत म्हणजे आमच्याकडचा कळस. एकाच पडद्याचे तुकडे करून चौघं एकदम खेळतात. पण इथे आवृत्तीचा सापळा आहे. ०.९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, त्याचं चित्र काढणारं इंजिन बदललं. दिसतो देखणा, पण जी३१सारख्या ग्राफिक्सवर तडफडतो. अशा पीसीला २०१३ ची ०.८.१ शोधून घाला, लोण्यासारखी चालते. २०११ नंतरच्या बऱ्या लॅपटॉपवर नवी टाका आणि ग्राफिक्सचा दर्जा तळाला आणा.

आणि कीबोर्ड. दोघं एकाच कीबोर्डवर शर्यत करत होती. धाकटी वळणावर जोर लावून बटण दाबत होती आणि तिची गाडी सरळ दरीत जात होती. ती रडवेली, भाऊ म्हणतो हिला येतच नाही. तिसऱ्यांदा मी तिच्या बोटांकडे बघत बसले, तर बोट बटणावर पक्कं आणि गाडी ढिम्म. स्वस्त कीबोर्डला एकदम तीन-चारपेक्षा जास्त बटणं, त्यातही ठरावीक जोड्या, कळतच नाहीत. उपाय सोपा: दुसरा एक यूएसबी कीबोर्ड लावा आणि दुसऱ्या खेळाडूला तो द्या. विंडोजला दोन कीबोर्ड एकच वाटतात, पण बटणांची गर्दी दोघांत वाटली जाते. कुणाकडे गेमपॅड असेल तर उत्तमच. धाकटी त्या दिवशी संध्याकाळी दोनदा पहिली आली.

मोठ्यांसाठी बॅटल फॉर वेसनॉथ. एकाचा डाव संपला की दुसऱ्याचा, त्यामुळे वेगवान मशीनची गरज नाही आणि चारजण एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसू शकतात. दिवसा माणसांचं सैन्य जोरात, रात्री भुतांचं. पोरं अंधार पडायची वाट बघत चढाई लांबवतात. आमच्या भाऊजींनाही याची चटक लागली आहे. हेजवॉर्स ठेवा, हेजहॉग नावाचे छोटे काटेरी प्राणी एकमेकांवर तोफा डागतात, सगळे हसतात. झिरो ए.डी. हा प्राचीन साम्राज्यांच्या लढायांचा खेळ मात्र दोन जीबीवर टाकू नका. त्यात मौर्य आहेत, हत्ती आहेत, पोरं हट्ट धरतील, पण सैन्य वाढलं की खेळ रांगायला लागतो आणि ऐन लढाईत पडदा गोठला की भांडण होतं.

लॅपटॉप आणि पीसी जोडायचा असेल तर घरात पडलेला जुना राउटर पुरतो, नेट लागत नाही, फक्त दोन लॅन केबल्स. दोन्हीकडे खेळाची आवृत्ती अगदी एकच ठेवा, नाहीतर एकमेकांना दारातच अडवतात. विंडोजने फायरवॉलबद्दल विचारलं तर ‘प्रायव्हेट नेटवर्क’ला होकार द्या. असॉल्टक्यूब यासाठी झकास, शंभर एमबीच्या आतला आणि जी३१ वरही पळणारा बंदुकीचा खेळ. पण त्यात गोळ्या आणि रक्त आहे, म्हणून आमच्याकडे तो दहा वर्षांवरच्यांनाच आणि आरतीच्या वेळी अजिबात नाही. आरतीचं घुमट (आपलं मातीचं वाद्य) वाजू लागलं की माउस खाली, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका.

विजेचं आधीच ठरवा. मखराच्या रोषणाईच्या माळा आणि पीसी एकाच एक्स्टेंशनवर नकोत. यूपीएस असेल तर त्याची बॅटरी आधी तपासा, वर्षभर पडून राहिलेली दोन मिनिटंही टिकत नाही. ओपनटीटीडीला आपोआप सेव्ह होण्याचा अवधी कमी करून ठेवा. ढग गडगडायला लागले की प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

चार वर्षांच्यासाठी टक्स पेंट. रंग, शिक्के, प्रत्येक फटकाऱ्याला आवाज. त्याच्या सेटिंगमध्ये बाहेर पडण्याचं आणि छपाईचं बटण बंद करता येतं. ते आधी करा, नाहीतर बाहेर पडून ताई-दादांचा खेळ तो दहा मिनिटांत मिटवेल.

राहता राहिली आजी. विंडोज ७ मध्ये सॉलिटेअर आहेच, फक्त पत्त्यांच्या निवडीत मोठ्या अक्षरांचा संच लावून ठेवा. दुपारी नेवऱ्या (करंज्या) तळून झाल्या, पोरं जेवून आडवी झाली की ती चष्मा पुसत खुर्चीवर येऊन बसते आणि मग चहापर्यंत पीसी कुणालाही मिळत नाही.